जुन्या मोटारीचे इंजिन ऑइल: वापरलेल्या तेलाची तपासणी आणि नव्या तेलाची निवड

मोटारीचा काटा दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेला आणि दोन ऑइलबदलींच्या मध्ये वरून अर्धा-एक लिटर तेल टाकावे लागू लागले, की मराठवाड्यातल्या बहुतेक गॅरेजांत एकच सल्ला मिळतो: “दादा, गाडी जुनी झाली, आता वीस-पन्नास टाका.” म्हणजे २०डब्ल्यू-५० ग्रेडचे जाड तेल. हा सल्ला कधी बरोबर असतो, कधी निरुपयोगी ठरतो आणि कधी इंजिनाला घातकही होतो. तेल कशामुळे कमी होत आहे, इंजिनात कोणता भाग झिजत आहे आणि तेलात बाहेरून काय मिसळत आहे, हे कळल्याशिवाय त्यातला फरक करता येत नाही. इंजिन न खोलता हे कळून घेण्याचा मार्ग म्हणजे चेंबरमधून (इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्यातून) काढलेल्या काळ्या तेलाची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांसाठी ही पद्धत वापरायला सुरुवात केली आणि आपल्याकडील रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही वंगणाच्या नमुन्यातील धातू मोजून इंजिनाची प्रकृती ओळखण्याचा प्रघात जुना आहे. खाजगी मोटारीच्या मालकाला मात्र ही सोय आपल्यासाठीही आहे, हे सहसा ठाऊक नसते.

नमुना घेताना

तपासणीचे यंत्र दहा लाखांत काही भाग इतके सूक्ष्म प्रमाण मोजते. या प्रमाणालाच पीपीएम म्हणतात. त्यामुळे नमुना घेताना बोटाला लागलेली धूळसुद्धा निष्कर्ष बिघडवू शकते. आपल्याकडे तर चेंबरच्या तळाला तेल आणि धूळ यांचा जाड थर बसलेला असतो. म्हणून ड्रेन बोल्ट सैल करण्यापूर्वी त्याच्या भोवतालचा भाग आधी ब्रशने आणि नंतर स्वच्छ कपड्याने पुसून घ्यावा. हे केले नाही, तर अहवालात सिलिकॉन वाढलेले दिसते आणि नसलेल्या दोषाचा शोध सुरू होतो.

गाडी किमान वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवून इंजिन पूर्ण तापल्यावर आणि बंद केल्यापासून फार वेळ जाऊ न देता नमुना घ्यावा, कारण थंड तेलात जड कण तळाशी बसतात. बोल्ट काढल्यावर पहिली धार वाहू द्यावी. त्या धारेबरोबर तळाचा गाळ येतो. साधारण एक तृतीयांश तेल गेल्यावर मधल्या धारेखाली बाटली धरून सुमारे शंभर मिलिलिटर तेल घ्यावे. शेवटची धार घेऊ नये. गरम तेलाने हात भाजतो, म्हणून जाड हातमोजे घालावेत. बाटली प्रयोगशाळेनेच पाठवलेली असल्यास उत्तम, नसल्यास नवी आणि कोरडी असावी. पाण्याची किंवा शीतपेयाची रिकामी बाटली धुऊन वापरू नये, कारण तिच्यात राहिलेला पाण्याचा थेंब अहवालात हेड गॅस्केटचा (इंजिनातले पाणी आणि तेल वेगळे ठेवणाऱ्या पट्टीचा) दोष म्हणून उमटू शकतो.

बाटलीवर गाडीचे मॉडेल, इंधन, काट्यावरील एकूण किलोमीटर, त्या तेलावर झालेले किलोमीटर, तेलाचा ब्रँड आणि ग्रेड आणि मध्ये वरून किती तेल टाकले, हे सर्व लिहावे. यांतील शेवटची नोंद बहुतेक जण वगळतात आणि तिथेच वाचन चुकते. चार लिटर तेल बसणाऱ्या इंजिनात सहा हजार किलोमीटरमध्ये दीड लिटर नवे तेल वरून गेले असेल, तर धातूंचे प्रमाण त्या नव्या तेलाने पातळ झालेले असते आणि झिजलेले इंजिन कागदावर निरोगी दिसते. शक्य असेल, तर त्याच डब्यातील कोऱ्या तेलाचा नमुनाही सोबत पाठवावा. नव्या तेलात मुळात किती कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस आणि सिलिकॉन होते हे माहीत असल्याशिवाय वापरलेल्या तेलातील बदल नेमका सांगता येत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात आणि जालन्याच्या स्टील कारखान्यांत यंत्रांच्या तेलाची देखरेख करणारी माणसे असतात. त्यांपैकी कोणी ओळखीचे असल्यास कोणत्या प्रयोगशाळेकडे नमुने जातात हे विचारावे. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, धातूंच्या तपासणीबरोबर १०० अंशांवरील चिकटपणा, फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ पेट घेते ते तापमान), टीबीएन (आम्ल मारण्याची तेलातली ताकद), पाणी आणि डिझेल गाडी असल्यास काजळी हे सर्व त्याच दरात येते का, हेही आधीच ठरवून घ्यावे. केवळ धातूंचा तक्ता देणारा स्वस्त अहवाल अर्धवट माहिती देतो.

घरी करता येण्याजोग्या दोन चाचण्या

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत, किंवा तेवढा खर्च करायचा की नाही हे ठरवण्यासाठी, दोन गोष्टी घरीच करता येतात.

पहिली चाचणी कागदावरील डागाची आहे. शाळा-महाविद्यालयांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवणाऱ्या दुकानात फिल्टर पेपर मिळतो. तो रिकाम्या पेल्याच्या तोंडावर असा ठेवावा, की मध्यभाग कशालाही टेकणार नाही. डिपस्टिकवरून गरम तेलाचा एकच थेंब त्यावर सोडावा आणि कागद रात्रभर धूळ लागणार नाही असा ठेवावा. सकाळी डागाचा काळपटपणा मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू फिकट होत गेलेला दिसला, तर तेल अजून काजळी सोबत वाहून नेत आहे. मध्यभागी शाईसारखा गडद ठिपका, त्याला ठसठशीत कड आणि बाहेर जवळजवळ कोरे वर्तुळ असे दिसले, तर तेलातील काजळी पसरवून ठेवणारे घटक संपले आहेत आणि ते तेल आणखी चालवण्यात अर्थ नाही. डागाच्या कडा दातेरी आल्या, तर पाण्याचा संशय घ्यावा. अगदी बाहेर तेलकट पारदर्शक कडे फार रुंद पसरले, तर इंधन मिसळल्याचा. ही चाचणी ढोबळ आहे, पण “तेल काळे झाले म्हणजे खराब झाले” या समजुतीपेक्षा ती कितीतरी भरवशाची आहे. डिझेल इंजिनात नवे तेल काही शे किलोमीटरमध्येच काळे होते आणि ते काळे होणे हे काजळी धरून ठेवण्याचे त्याचे काम चालू असल्याचे लक्षण आहे. याउलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे तेल बरेच दिवस स्वच्छ दिसते, कारण तिथे काजळी जवळजवळ होत नाही. तरीही जास्त तापमानात नायट्रोजनच्या संयुगांमुळे ते आतून घट्ट होत जाते. सीएनजी किट बसवलेल्या जुन्या गाड्यांचे कित्येक मालक केवळ रंगावर विसंबून ऑइलबदली लांबवतात.

दुसरी चाचणी ऑइल फिल्टरची आहे आणि माझ्या मते ती कोणत्याही अहवालाच्या जोडीला केलीच पाहिजे. प्रयोगशाळेतील वर्णपट-यंत्र साधारण पाच ते आठ मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट मोजते. बेअरिंगचा थर सोलून निघू लागतो तेव्हा कण त्याहून मोठे असतात. ते फिल्टरमध्ये अडकतात आणि अहवाल चांगला येतो. जुना फिल्टर काढल्यावर तो रात्रभर निथळू द्यावा आणि त्याचे पत्र्याचे कवच पाइप कापण्याच्या फिरत्या कटरने कापावे. हॅकसॉ ब्लेडने कापू नये, कारण ब्लेडचाच चुरा आत पडतो. आतला घडीचा कागद कापून सपाट करावा आणि उन्हात धरून पाहावा. काळ्या मऊ गाळाचे भय बाळगण्याचे कारण नाही. चमकणारे कण दिसले, तर कागदाखालून लोहचुंबक फिरवावा. चुंबकाबरोबर सरकणारे कण लोखंडाचे, म्हणजे कॅमशाफ्ट, चेन किंवा लायनरकडचे (पिस्टन ज्यात वरखाली सरकतो त्या नळकांड्याचे) असतात. न सरकणारे रुपेरी कण अॅल्युमिनियमचे किंवा बेअरिंगच्या थराचे आणि पिवळसर तांबडे तांब्याचे असतात. असे मोठे कण ठळकपणे दिसत असतील, तर तेल कोणते टाकावे हा प्रश्न मागे पडतो आणि मिस्त्रीने चेंबर खोलून बेअरिंग पाहणे आधी येते.

अहवाल कसा वाचावा

अहवालातील एकेक आकडा सुटा वाचू नये. आकड्यांच्या जोड्या आणि गट पाहावेत. लोखंड लायनर, क्रँकशाफ्ट, कॅम अशा अनेक ठिकाणांहून येते, म्हणून ते एकटे फारसे काही सांगत नाही. क्रोमियम बहुधा पिस्टनच्या रिंगांचे असते, अॅल्युमिनियम पिस्टनचे, तर शिसे, कथील आणि तांबे हे त्रिकूट बेअरिंगांचे. एकटे तांबे वाढले आणि शिसे जागच्या जागी राहिले, तर ते ऑइल कूलरच्या नळ्यांमधूनही आलेले असू शकते. तेलाचा ब्रँड बदलल्यावर काही इंजिनांत ते काही काळ वाढते आणि आपोआप उतरते. बेअरिंगची काळजी शिसे आणि तांबे बरोबरीने चढू लागले की करावी.

पेट्रोल इंजिन सुस्थितीत असेल आणि तेलावर पाच-सहा हजार किलोमीटर झाले असतील, तर लोखंड साधारण दहा ते तीस पीपीएम, क्रोमियम पाचाच्या आत, अॅल्युमिनियम आणि शिसे दहाच्या आसपास किंवा कमी असते. डिझेल इंजिनात लोखंड याहून जास्त असणे स्वाभाविक आहे. हे आकडे अंदाजासाठी आहेत. प्रत्येक इंजिनाची घडण आणि धातू वेगळे असतात. म्हणून मिळालेल्या लोखंडाला त्या तेलावरील किलोमीटरने भागून हजार किलोमीटरमागे किती झीज झाली हे काढावे आणि पुढच्या अहवालाची तुलना त्याच्याशी करावी. एका अहवालावरून इंजिन खोलण्याचा निर्णय सहसा घेऊ नये.

चिकटपणाचा आकडा सेंटिस्टोकमध्ये असतो. ग्रेडमधील शेवटचा आकडा (१५डब्ल्यू-४० मधला ४०) एसएई या अमेरिकी संस्थेने ठरवलेली जाडीची पायरी सांगतो. १०० अंश सेल्सियसला एसएई ३० चे तेल ९.३ ते १२.५, एसएई ४० चे १२.५ ते १६.३ आणि एसएई ५० चे १६.३ ते २१.९ या मर्यादांत असते. १५डब्ल्यू-४० टाकलेल्या गाडीचा आकडा ११ आला, तर तेल एक पायरी खाली घसरले आहे. या घसरणीची दोन मुख्य कारणे असतात आणि त्यांतला फरक फ्लॅश पॉइंट सांगतो. फ्लॅश पॉइंटही खाली आला असेल, तर तेलात पेट्रोल किंवा डिझेल उतरत आहे, म्हणजे इंजेक्टर गळतो, मिश्रण जास्त जात आहे किंवा गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालते आणि इंजिन कधी पूर्ण तापतच नाही. फ्लॅश पॉइंट जागेवर असेल, तर तेलातील चिकटपणा टिकवणारी पॉलिमरे तुटली आहेत. पहिल्या कारणावर जाड तेल टाकणे म्हणजे गळका इंजेक्टर तसाच ठेवणे होय. त्या जाड तेलातही इंधन उतरतच राहते. चिकटपणा वर गेला असेल, तर काजळी, तापल्यामुळे झालेले ऑक्सिडेशन किंवा तेलात पाण्याचे मिश्रण यांचा शोध घ्यावा.

टीबीएन म्हणजे आम्ल मारण्याची तेलात उरलेली ताकद. कोऱ्या तेलाच्या आकड्यापेक्षा ती निम्म्याखाली गेली, की बदलीची वेळ जवळ आली असे समजावे. पाणी ०.१ ते ०.२ टक्क्यांच्या पुढे आणि इंधन दोन-तीन टक्क्यांच्या पुढे गेले, तर त्याची दखल घ्यावी. इंधन पाच टक्क्यांवर असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नये.

बोअरच्या पाण्याची अडचण

कूलंट तेलात उतरत आहे का, हे अहवाल मुख्यतः सोडियम, पोटॅशियम आणि ग्लायकॉल यांवरून ओळखतो, कारण हे घटक कूलंटमध्ये असतात. पण मराठवाड्यात उन्हाळ्यात रेडिएटरचे पाणी कमी झाले, की कूलंटऐवजी सरळ बोअरचे किंवा टँकरचे पाणी ओतण्याची सवय आहे आणि काही जुन्या गाड्यांत वर्षानुवर्षे कूलंट पडलेलेच नसते. अशा गाडीचे हेड गॅस्केट गळत असले, तरी ग्लायकॉल सापडत नाही. पाणी तापलेल्या तेलातून वाफ होऊन निघून जाते आणि मागे राहणारे क्षार म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, जे तेलातही मुळातच मिसळलेले असतात, त्यामुळे तेही लपतात. सोडियम थोडेसे चढते, तेवढेच. म्हणून ज्या गाडीत साधे पाणी वापरले आहे, तिच्या बाबतीत “ग्लायकॉल नाही” या ओळीवरून गॅस्केट निर्दोष ठरवू नये. रेडिएटरचे पाणी आठवड्यात किती उतरते ते पाहावे आणि मिस्त्रीकडून रेडिएटरला दाब देऊन तपासून घ्यावे. त्यानंतर पद्धत सुधारावी, म्हणजे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट सांगितलेल्या प्रमाणात भरावे. बोअरच्या जड पाण्याचा खपलीसारखा थर इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत बसला, की तेलही त्याला सोसवणार नाही इतके तापते.

धूळ हा खरा शत्रू

आपल्या भागात तेलाबद्दल बोलताना उन्हाचा फार विचार होतो. मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो हे खरे, पण थर्मोस्टॅट इंजिनाचे पाणी साधारण ८५ ते ९५ अंशांवर राखतो, म्हणून रेडिएटर आणि पंखा धड असतील, तर बाहेरच्या दहा-पंधरा अंशांनी तेलाच्या तापमानात लोक समजतात तेवढा फरक पडत नाही. मांजरसुंब्याचा किंवा कन्नडचा घाट एसी लावून चढताना आणि समृद्धी महामार्गावर तास-दोन तास सलग शंभरच्या वेगाने जाताना मात्र तो पडतो. एरवी इंजिन खाण्याचे काम मुरमाचे रस्ते, काळ्या मातीची उन्हाळी धूळ आणि ऊस-कापसाच्या हंगामातल्या गाड्यांमागचा धुरळा करतो. त्यातली सूक्ष्म माती एअर फिल्टर चुकवून आत गेली, की रिंगा आणि लायनर घासले जातात.

उदाहरणासाठी एक कल्पित अहवाल घेऊ. पंधरा वर्षे जुनी डिझेल गाडी, १५डब्ल्यू-४० तेल, त्यावर सहा हजार किलोमीटर, मध्ये अर्धा लिटर तेल वरून टाकलेले. लोखंड ७८, क्रोमियम ६, अॅल्युमिनियम २४, तांबे ९, शिसे ७, सिलिकॉन ४१, सोडियम ६, चिकटपणा १४.६ सेंटिस्टोक, काजळी १.२ टक्के, टीबीएन ४.६, पाणी आणि इंधन नगण्य. कोऱ्या तेलात सिलिकॉन ५ होते. मालकाची तक्रार अशी, की तेल कमी होते आणि चढावर काळसर-निळा धूर येतो.

या अहवालात तेल दोषी नाही. चिकटपणा आपल्या मर्यादेत आहे, टीबीएन शिल्लक आहे, काजळी आवाक्यात आहे आणि शिसे-तांबे शांत आहेत, म्हणजे बेअरिंग ठीक आहेत. सिलिकॉन मात्र ३६ ने वाढले आहे आणि त्याच्यासोबत अॅल्युमिनियम, क्रोमियम आणि लोखंड हे तिन्ही वर आहेत. एकटे सिलिकॉन वाढले असते, तर अलीकडे कुठे सिलिकॉनचा सीलंट लावून गॅस्केट बसवले आहे का असे विचारले असते. इथे तसे नाही. मातीत सिलिकॉनबरोबर अॅल्युमिनियमही असते, पण सिलिकॉनच्या निम्म्याहून बरेच कमी. इथे ते निम्म्याहून जास्त आहे. म्हणजे त्यातला काही भाग मातीचा आणि काही पिस्टनचा आहे. हजार किलोमीटरमागे १३ पीपीएम लोखंड जात आहे. या गाडीत २०डब्ल्यू-५० टाकले, तर धूर काही दिवस कमी दिसेल, पण धूळ आत येतच राहील आणि जाड तेलाच्या थराआडून रिंगा तशाच झिजत जातील.

अशा वेळी एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप काढून त्याच्या आतून पांढरा रुमाल फिरवावा. फिल्टरच्या पुढच्या बाजूला रुमाल मातकट झाला, तर धूळ कुठून तरी फिल्टर टाळून जात आहे: क्लॅम्प सैल आहे, पाइपला घडीत चीर गेली आहे, डब्याचे झाकण वाकले आहे किंवा स्वस्त फिल्टरची रबरी कड डब्यात नीट बसत नाही. फिल्टर काढून प्रत्येक वेळी कंप्रेसरची हवा मारण्याची आपल्या गॅरेजांतली सवय इथे विशेष घातक आहे. जोरदार हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात आणि फिल्टर दिसायला स्वच्छ, पण कामाला निकामी होतो. हातावर आपटून मोठी धूळ झाडावी, नाहीतर नवा टाकावा. दुरुस्तीनंतर तेल आणि फिल्टर बदलून पुन्हा पाच-सहा हजार किलोमीटरनी नमुना पाठवावा. सिलिकॉन उतरले आणि लोखंड त्याच्यामागे उतरले, तर निदान बरोबर होते. सिलिकॉन उतरूनही लोखंड-क्रोमियम चढेच राहिले, तर झीज पुढे गेली आहे. मग कॉम्प्रेशन तपासून घेऊन इंजिनकामाचा विचार करावा.

तेल निवडताना

निवडीची सुरुवात गाडीच्या पुस्तिकेपासून करावी. बहुतेक जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत बाहेरच्या तापमानानुसार चालतील अशा अनेक ग्रेडचा तक्ता असतो आणि त्यात आपल्या हवामानाला लागू पडणाऱ्या दोन-तीन ग्रेड सापडतात. आधी तेल कमी होण्याचे कारण शोधावे. ते गळती किंवा धूळ नसून सर्वसाधारण झीज असेल, तर त्या तक्त्यातील एक पायरी जाड ग्रेड घेणे योग्य आहे. तक्त्याबाहेर उडी मारू नये. ज्या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट, तेलाच्या दाबावर चालणारा चेन टेन्शनर किंवा व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आहे, तिथे अति जाड तेल सकाळच्या पहिल्या स्टार्टला अरुंद वाटांतून उशिरा पोहोचते.

ग्रेडमधील “डब्ल्यू”च्या आधीचा आकडा थंडीतल्या वर्तनाचा असतो. २०डब्ल्यूची कसोटी उणे १५ अंशांवर आणि १५डब्ल्यूची उणे २० अंशांवर घेतात. परभणीत हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा निव्वळ थंडीसाठी ५डब्ल्यूची गरज आपल्याला नाही. पण म्हणून ५डब्ल्यू-४० हे “पातळ” तेल ठरत नाही. १५० अंशांवर वेगाने घासले जाताना टिकणारा चिकटपणा ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० साठी किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद आणि १५डब्ल्यू-४० साठी ३.७ ठरवलेला आहे. तापलेल्या बेअरिंगला हा फरक फारसा जाणवत नाही. चांगल्या सिंथेटिक तेलाचा खरा फायदा असा, की ते तापल्यावर कमी उडून जाते आणि उशिरा बिघडते. जे इंजिन तेल खाते, पण ज्याच्या रिंगा अजून धड आहेत, त्याला म्हणूनच कधीकधी २०डब्ल्यू-५० खनिज तेलापेक्षा ५डब्ल्यू-४० सिंथेटिक अधिक मानवते. सिंथेटिक टाकल्यावर गळती सुरू झाली अशी तक्रार ऐकू येते. तिथे बहुधा जुन्या सीलच्या फटीत बसलेला गाळ नव्या तेलातल्या डिटर्जंटने धुऊन निघालेला असतो आणि फट आधीपासूनच असते.

डब्यावरील एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेची) अक्षरेही ग्रेडइतकीच महत्त्वाची आहेत. पेट्रोलसाठी “एस”ने सुरू होणाऱ्या श्रेणी असतात. एसएन २०१० ची आणि एसपी २०२० ची आहे. डिझेलसाठी “सी” श्रेणी असून सीएच-४ १९९८ ची, सीआय-४ २००२ ची आणि सीके-४ २०१६ ची आहे. नवी श्रेणी सहसा जुनीची जागा घेते, म्हणून पुस्तिकेत सीएफ-४ लिहिलेल्या जुन्या डिझेल गाडीला सीआय-४ टाकण्यात काही बिघडत नाही, उलट लाभच होतो. उलट दिशेने जाऊ नये. शेतावर ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातले उरलेले तेल मोटारीत ओतण्याचा मोह टाळावा. त्यावरची श्रेणी अनेकदा जुनी असते आणि ट्रॅक्टरच्या गिअर-ब्रेकसाठीचे तेल तर इंजिनासाठी बनवलेलेच नसते. पेट्रोल गाडी तेल जाळत असेल, तर जास्त फॉस्फरसचे डिझेल तेल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर निकामी करते, हेही लक्षात असावे.

धूर थांबवणारे म्हणून विकले जाणारे घट्ट द्रव मी सुचवणार नाही. ते तेलाला जाड करतात आणि अहवालातला चिकटपणा निरर्थक करून टाकतात. जुन्या इंजिनात ऑइलबदलीच्या वेळी रॉकेल किंवा डिझेल घालून “फ्लश” करणेही टाळावे, कारण सुटलेला गाळ चेंबरमधल्या जाळीत अडकला, तर ऑइल पंपाला तेल मिळत नाही. गाळ काढायचा असेल, तर चांगले तेल टाकून पहिल्या दोन बदल्या तीन-तीन हजार किलोमीटरवर कराव्यात. त्यात वेळ जातो, पण इंजिन सुरक्षित राहते.

जाड तेल टाकायचे की नाही हे ठरवताना गॅरेजमधील यांत्रिक दाबमापक लावून तापलेल्या इंजिनाचा आयडलवरचा तेलाचा दाब पाहावा. डॅशबोर्डवरील लाल दिवा दाब फारच खाली गेल्यावर लागतो, म्हणून तो लागत नाही यावरून दाब पुरेसा आहे असे म्हणता येत नाही.

खरेदी, आणि काढलेल्या तेलाचे काय करावे

तेल नामांकित ब्रँडचे असले, तरी ते खात्रीच्या दुकानातून, सीलबंद डब्यात आणि बिलासह घ्यावे. ड्रमातून मापाने मिळणारे सुटे तेल घेऊ नये. गॅरेजमध्ये बदली करताना डबा आपल्या समोर फोडून घ्यावा आणि रिकामा डबा, झाकण आणि सील फोडूनच टाकावे, म्हणजे त्यात पुन्हा बनावट तेल भरले जाणार नाही. तेल डिपस्टिकवरील वरच्या खुणेच्या किंचित खाली राहील इतकेच भरावे, इंजिन एकदा चालवून काही मिनिटे थांबावे आणि मगच खूण पाहावी. ड्रेन बोल्टचे वॉशर दर वेळी नवे घालावे.

काढलेले तेल दाराला वाळवी लागू नये म्हणून, कुंपणाच्या खांबांना किंवा बैलगाडीच्या आसाला लावण्यासाठी घरी नेण्याची पद्धत खेड्यांत अजून आहे. त्यात वर पाहिलेले सर्व धातू आणि जळलेले अंश असतात, म्हणून ते विहिरीच्या, गोठ्याच्या किंवा शेताच्या जवळ वापरू नये आणि नालीत तर मुळीच ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. म्हणून ते झाकणाच्या डब्यात भरून, पाणी, कूलंट किंवा पेट्रोल त्यात न मिसळता, जे गॅरेज नोंदणीकृत गोळा करणाऱ्याला तेल देते तिथे द्यावे. त्याच भेटीत ऑइलबदलीची तारीख, काट्यावरील किलोमीटर आणि तेलाचा ब्रँड व ग्रेड वहीत लिहून घ्यावे, कारण पुढच्या नमुन्याच्या बाटलीवर तीच माहिती लिहायची असते.